बोर्ड : एका शब्दाचा शैक्षणिक इतिहास

प्रवेशाच्या दिवसांत पालकांच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो : “आपल्या शाळेचे बोर्ड कोणते?” दहावीतल्या मुलाविषयी ‘यंदा तो बोर्डाला आहे’ एवढे म्हटले, की घरातल्या साऱ्या धावपळीचा उलगडा होतो. त्याच शाळेच्या दारावर नावाचा बोर्ड असतो, कार्यालयाबाहेर सूचनांचा बोर्ड असतो आणि परगावी शिकणारा मुलगा ‘बोर्डिंगात’ असतो. एकाच इंग्रजी शब्दाने आपले शालेय जीवन असे चहूबाजूंनी व्यापले आहे. शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षात या शब्दाचा इतिहास पाहणे उद्बोधक ठरेल. कारण मातृभाषेतील शिक्षणाचा एक जुना वादही त्यात दडलेला आहे.

जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे लाकडाची फळी. जहाजाची बाजू, कड या अर्थाचा शब्दही याच रूपात मिसळून गेला. म्हणून जहाजावर चढणे म्हणजे ‘बोर्ड’ करणे. आज आपण विमानात चढताना ‘बोर्डिंग पास’ दाखवतो तो याच अर्थाने. पूर्वी सुकाणूचे वल्हे जहाजाच्या उजव्या बाजूस असे. त्यामुळे ती बाजू ‘स्टारबोर्ड’, म्हणजे सुकाणूची बाजू ठरली. ताऱ्यांशी तिचा काही संबंध नाही.

मध्ययुगीन इंग्लंडमधील मोठ्या घरांत घडवंच्यांवर फळ्या टाकून जेवणाचे मेज मांडीत आणि जेवण आटोपल्यावर ते उचलून ठेवीत. त्यामुळे बोर्ड म्हणजे मेज आणि पुढे मेजावरचे अन्न, असा अर्थ झाला. ‘बोर्डिंग’ म्हणजे राहण्याजेवण्याची सोय. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहण्यास आधार दिला आणि पुढे विविध समाजांसाठी अशी वसतिगृहे निघाली. खेड्यातल्या मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न हा बऱ्याच अंशी त्याच्या ताटातल्या भाकरीचा प्रश्न असतो, हे त्यांनी ओळखले होते. या शब्दाचा हा अर्थ शिक्षणाच्या इतिहासात सर्वांत माणुसकीचा म्हणावा लागेल.

मेजाभोवती लोक जेवत, तसेच विचारविनिमयासाठीही बसत. म्हणून मेजाभोवती बसून निर्णय घेणारी मंडळीही ‘बोर्ड’ झाली. या अर्थाने हा शब्द आपल्या देशाच्या कारभारात ठळकपणे आला तो 1784 च्या कायद्याने. ईस्ट इंडिया कंपनीवर देखरेख करण्यासाठी लंडनमध्ये ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ स्थापन झाले. 1854 चा शिक्षणविषयक सुप्रसिद्ध खलिता ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते चार्ल्स वुड याच बोर्डाचे अध्यक्ष होते.

त्यापूर्वीच, 1840 साली, मुंबई इलाख्यात ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ अस्तित्वात आले होते. नाना शंकरशेट त्याचे सदस्य होते. 1843 पासून न्यायाधीश सर अर्स्किन पेरी अध्यक्ष झाले आणि उच्च शिक्षण कोणत्या भाषेतून द्यावे यावर तेथे मोठा वाद झडला. पेरींचा कल इंग्रजीकडे होता. नानांनी मातृभाषेची बाजू घेतली. कर्नल जर्व्हिस हे इंग्रज अधिकारीही त्यांच्या बाजूने उभे राहिले. इंग्रजीचे महत्त्व नानांना अमान्य नव्हते. इंग्रजी शिक्षणाच्या प्रसारासाठी तर ते स्वतः झटले होते. परंतु ज्ञान मूठभरांपुरते राहू नये, सर्वसामान्यांपर्यंत पोचावे, तर ते लोकांच्या भाषेतूनच गेले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. 1854 च्या खलित्याने उच्च शिक्षणासाठी इंग्रजी आणि बहुजनांच्या शिक्षणासाठी देशी भाषा, अशी विभागणी मान्य केली. 1855 मध्ये हे बोर्ड जाऊन सरकारचे शिक्षण खाते आले. ती विभागणी मात्र पालकांच्या मनात आजही कायम आहे.

इंग्लंडमध्ये 1870 च्या कायद्याने लोकांनी निवडून दिलेली ‘स्कूल बोर्डे’ आली. त्यांच्या शाळांना ‘बोर्ड स्कूल’ म्हणत. लंडनच्या पहिल्याच बोर्डावर एलिझाबेथ गॅरेट आणि एमिली डेव्हिस या दोन स्त्रिया निवडून आल्या. संसदेसाठी मत देण्याचा हक्क तिथल्या स्त्रियांना 1918 साली, तोही काहींनाच, मिळाला. शिक्षणाच्या मेजाभोवती मात्र त्यांना जवळजवळ अर्धशतक आधी जागा मिळाली होती.

आपल्याकडे विसाव्या शतकात बोर्ड म्हणजे परीक्षा घेणारी संस्था, हा अर्थ रुजला. 1921 साली संयुक्त प्रांताचे बोर्ड स्थापन झाले. 1929 मध्ये अजमेर-मेरवाडा, मध्य भारत आणि ग्वाल्हेर यांच्यासाठी निघालेल्या बोर्डाला 1952 साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ हे नाव मिळाले. आज ‘सीबीएसई’ म्हणून ओळखले जाते ते हेच. महाराष्ट्राचे मंडळ 1966 मधले. फळी, जहाज, मेज, अन्न, सभा असा प्रवास करीत आलेला शब्द अशा रीतीने गुणपत्रिकेवर येऊन थांबला.

मराठीने या शब्दाला दिलेली उत्तरे पाहण्यासारखी आहेत. वर्गातल्या ‘ब्लॅकबोर्ड’ला आपण फळा म्हणतो. फळा आणि फळी ही दोन्ही संस्कृत ‘फलका’ची लेकरे. फळा येण्यापूर्वी आपली मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत. मद्रासच्या अनाथाश्रमात काम करणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी वाळूत अक्षरे काढणारी मुले पाहून ती रीत उचलली आणि 1797 साली आपल्या प्रयोगाचे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे इंग्रजीकडून आपण शिकलो, तसे आपल्याकडूनही काही तिकडे गेले.

सभा या अर्थाच्या बोर्डासाठी मात्र मराठीने फळी घेतली नाही. ‘मंडळ’ हा शब्द घेतला. मंडळ म्हणजे वर्तुळ, एकत्र बसलेली माणसे. महाराष्ट्राबाहेर अनेक शहरांत मराठी शाळा उभ्या राहिल्या त्या अशाच मंडळांच्या बळावर. परीक्षेचे बोर्ड कोणते हे विचारणारे त्यांत होतेच. पण मुलांना आपल्या भाषेत विचार करता यावा ही तळमळ त्यांच्या मनात त्याआधी होती.

आज परप्रांतात मराठी माध्यमाचा वर्ग भरवणे सोपे राहिलेले नाही. बोर्ड कोणते, हा प्रश्न पालकांनी जरूर विचारावा. मुलाच्या भवितव्याशी त्याचा संबंध आहे. त्याच्या जोडीने, हे मूल कोणत्या भाषेत प्रश्न विचारायला शिकेल, हाही प्रश्न विचारला जावा. नाना शंकरशेटांनी बोर्डापुढे मांडलेला प्रश्न हाच होता.

मराठीत ‘फळी’ शब्दालाही माणसांचा अर्थ आहे. कार्यकर्त्यांची पहिली फळी थकली, की दुसरी फळी उभी राहावी लागते. साठ वर्षांपूर्वी ज्यांनी ही शाळा उभारली, त्यांची फळी आता काळाआड जात आहे. माजी विद्यार्थ्यांनो, दुसरी फळी आपणच आहात.