बाबाजी चैतन्य

बाबाजी चैतन्य : संत तुकाराम महाराजांचे (१६०८–१६५०) गुरू. त्यांची समाधी पुणे जिल्ह्यातील ओतूर (ता. जुन्नर) येथे मांडवी नदीच्या काठी, कपर्दिकेश्वर मंदिराच्या परिसरात आहे. आपल्या गुरुपरंपरेतील राघव चैतन्य, केशव चैतन्य, बाबाजी अशी नावे तुकोबांनी स्वतः सांगितली आहेत. केशव व बाबाजी ही एकाच पुरुषाची नावे असावीत, असेही एक मत असून ओतूरची परंपरा तेच मानते. संत बहिणाबाईंनी ही गुरुपरंपरा मागे ज्ञानदेवांपर्यंत आणि तेथून आदिनाथांपर्यंत नेऊन भिडवली आहे.

स्वप्नानुग्रह : बाबाजींनी तुकोबांच्या काळाआधीच समाधी घेतली, अशी श्रद्धा आहे. म्हणूनच त्यांनी तुकोबांना स्वप्नात उपदेश केला, असे सांगतात. तुकोबांच्या अभंगातील तपशील असा : गंगास्नानाला जाताना वाटेत गुरू भेटले, त्यांनी मस्तकावर हात ठेवला, भोजनासाठी पावशेर तूप मागितले, पण स्वप्नात ते द्यायचे राहून गेले आणि गुरू लगबगीने निघून गेले. दिवस माघ शुद्ध दशमी, गुरुवारचा. मिळालेला मंत्र ‘रामकृष्णहरी’. आपल्या मनातली आवड ओळखूनच गुरूंनी हा सोपा मंत्र दिला, असे तुकोबा म्हणतात. या अनुग्रहात संन्यास, मठ किंवा गादी यांपैकी काहीच नव्हते. गृहस्थाश्रमात राहून गाता येईल असे नाम तेवढे होते.

अनुग्रह आणि उपकार : देवाकडून बळ मिळते आणि मग माणूस सेवेला लागतो, असा क्रम सहसा सांगितला जातो. तुकोबांच्या आत्मपर अभंगातला क्रम वेगळा आहे. १६३०च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात पहिली पत्नी अन्नाविना गेली, व्यवसाय बुडाला. त्यानंतर त्यांनी पडझड झालेले देऊळ दुरुस्त केले, संतवचने पाठ केली, कीर्तनात मागे उभे राहून ध्रुपद धरले आणि देह कष्टवून जमेल तेवढा उपकार केला. स्वप्नातल्या उपदेशाचा उल्लेख यानंतर येतो आणि कवित्वाची स्फूर्ती त्याच्याही पुढे. कष्ट आधीच सुरू होते. अनुग्रहाने त्यांना नामाचा आधार दिला आणि पुढे ते इतरांपर्यंत पोचवणारी वाणी लाभली. आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, ही प्रसिद्ध घटनाही परंपरा याच विरक्तीच्या काळातली मानते. वाटसरूंची ओझी वाहणाऱ्या तुकोबांच्या कथा महिपतींनी (१७१५–१७९०) पुढे सविस्तर सांगितल्या.

परंपरेचा विस्तार : बहिणाबाईंना (१६२८–१७००) कोल्हापुरात असताना तुकोबांचा अनुग्रह झाला, तोही स्वप्नातच. जन्माने ब्राह्मण असलेल्या या स्त्रीने देहूच्या वाण्याला गुरू मानले, हे त्या काळी घरच्यांनाही रुचले नव्हते. मधल्या कुणाच्या परवानगीवाचून मिळणारा हा उपदेश जातीची आणि अधिकाराची अट ओलांडून पोचला, हे त्याचे सामाजिक महत्त्व होय.

स्थलविशेष : माघ शुद्ध दशमी हा अनुग्रहदिन म्हणून पाळतात, देहूजवळच्या भंडारा डोंगरावर त्या दिवशी मोठा सोहळा असतो. ओतूरच्या कपर्दिकेश्वराची यात्रा श्रावणी सोमवारी भरते. तेव्हा कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात आणि त्या पाहायला दूरवरून लोक येतात. जुन्नर तालुक्यातच आळे येथे, ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखी वेद वदवले अशी कथा आहे, त्या रेड्याची समाधी आहे. जुन्नर-आंबेगाव भागात गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतात. काकडा, पारायण, हरिपाठ आणि कीर्तनाइतकीच त्यात पंगतीला जागा असते. धान्य, दूध आणि वर्गणी गावातून गोळा होते; वाढपाला तरुण उभे राहतात आणि काल्याच्या कीर्तनानंतर महाप्रसादाने सांगता होते.