पक्षी-ओळख (दक्षिण व मध्य मुंबई)

पक्षी-ओळख म्हणजे मुक्तपणे वावरणाऱ्या पक्ष्याची जात त्याचे आकारमान, ठेवण, रंग, आवाज आणि सवयी यांवरून निश्चित करणे. दक्षिण व मध्य मुंबईच्या दाट वस्तीतही हा अभ्यास घराच्या खिडकीतून सुरू करता येतो.

इतिहास

भारतातील पक्षिशास्त्राचे अध्वर्यू सालिम अली (१८९६–१९८७) यांचे बालपण गिरगावलगतच्या खेतवाडीत गेले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हे, एवढेच त्या मुलाला कळले होते. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या १८८३ साली स्थापन झालेल्या संस्थेत पाठविले. तेथील सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे सांगितले आणि खणांमध्ये जतन केलेले पक्ष्यांचे नमुने उघडून दाखविले. पुढे अलींचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ हे पुस्तक १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले. आज ओळख पटविण्यासाठी पक्षी मारण्याची गरज नाही. दुर्बीण, वही आणि सचित्र मार्गदर्शक पुस्तक पुरेसे होते.

निरीक्षणाची पद्धत

नवशिक्याचे लक्ष प्रथम रंगाकडे जाते. परंतु सावलीत किंवा उन्हाच्या विरुद्ध दिशेने पाहताना रंग फसवितात. म्हणून आधी आकारमान ठरवावे. त्यासाठी चिमणी, साळुंकी आणि कावळा ही तीन परिचित मापे सोयीची आहेत. त्यानंतर चोच, शेपटी आणि हालचाल पाहावी. तारेवरून हवेत झेप घेऊन कीटक पकडणारा व पुन्हा त्याच जागी बसणारा, दुभंगलेल्या लांब शेपटीचा काळा पक्षी कोतवाल असतो, हे रंगापेक्षा त्याच्या वागण्यावरून लवकर कळते. पाहिलेले तेथल्या तेथे लिहून ठेवावे. घरी आल्यावर पुस्तकातील चित्र पाहिले की आठवण त्या चित्रासारखीच होऊ लागते.

काही पक्षी दिसण्याआधी ऐकू येतात. हिरव्या अंगाचा तांबट पानांत सहज लपतो, पण भांडी ठोकल्यासारखा त्याचा एकसुरी ‘टुक टुक’ आवाज दुपारच्या शांततेत दूरवर पोहोचतो.

फसवी साम्ये

कावळा हा उत्तम पहिला धडा होय. मानेभोवती राखी पट्टा असलेला तो गावकावळा. संपूर्ण काळा, जाड चोचीचा तो डोमकावळा. त्यांच्या जवळपास वावरणारा, लाल डोळ्यांचा व फिकट हिरवट चोचीचा काळा पक्षी मात्र नर कोकीळ असतो. त्याची मादी तपकिरी असून तिच्या अंगावर पांढरे ठिपके असतात आणि ती आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते. मराठीत गोड गळ्याच्या गायिकेला ‘गानकोकिळा’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी परिचित ‘कुहू’ ही साद नराची असते.

आकाशातील घारींमध्ये शेपटीला खाच असलेली काळी घार सर्वत्र आढळते. बंदराकडे दिसणाऱ्या ब्राह्मणी घारीचे डोके व छाती पांढरी, बाकीचे अंग विटकरी आणि शेपटी गोलसर असते.

ऋतूनुसारही रूप बदलते. गिरगाव चौपाटीसमोर हिवाळ्यात येणाऱ्या काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोके त्या काळात पांढरे असते. डोळ्यामागे केवळ एक गडद ठिपका राहतो. नावावर विसंबणारा येथे हमखास चुकतो. त्याचप्रमाणे मातकट रंगामुळे चिखलात न दिसणारी ढोकरी उडताच पांढरे पंख उघडते व क्षणभर बगळाच वाटते.

शिवडीची दलदल

परळच्या पूर्वेस शिवडीच्या खाडीकिनारी हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे (अग्निपंखांचे) थवे उतरतात. गडद लाल चोचीचा तो छोटा रोहित. गुलाबी चोचीचे फक्त टोक काळे असलेला, अधिक उंच तो मोठा रोहित. २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू याच दलदलीवरून समुद्रात शिरतो. येथे जाण्याची वेळ घड्याळापेक्षा भरती-ओहोटीच्या कोष्टकावरून ठरवावी लागते: पूर्ण ओहोटीला पक्षी दूरवर पांगतात, पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो, पाणी चढत असताना मात्र ते किनाऱ्याजवळ सरकतात आणि चोचींचे रंग स्पष्ट दिसू शकतात.