दोरी, घंटा आणि दार : जुन्या दुखण्याच्या शास्त्राची गोष्ट

‘सहलीला जायला जमते, मग दुखते कुठे?’ असा प्रश्न ज्याच्या माघारी विचारला जातो, असा एखादा सहकारी बहुतेक प्रत्येक शिक्षकखोलीत असतो. त्याची कंबर किंवा मान वर्षानुवर्षे दुखते. एक्स-रेत फारसे काही सापडत नाही. खुर्चीवरून उठताना त्याचे ओठ आवळले जातात आणि दिवाळीच्या सुटीत हाच माणूस मुलाबाळांना घेऊन कोकणात जाऊन येतो, फोटोत हसताना दिसतो. पाहणाऱ्याला वाटते, यातले एक काहीतरी खोटे असले पाहिजे. वास्तविक दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. पण हे कळायला वैद्यकशास्त्राला सुमारे तीनशे वर्षे लागली. ती गोष्ट समजून घेण्यासारखी आहे.

सुरुवात फ्रेंच तत्त्वज्ञ रेने देकार्त यांच्यापासून करू. मानवी शरीरावरचे त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १६६२ साली प्रसिद्ध झाले. त्यात एक चित्र आहे. एका माणसाचा पाय विस्तवाजवळ गेला आहे आणि पायापासून मेंदूपर्यंत एक बारीक तंतू गेलेला दाखवला आहे. देकार्त म्हणतात, दोरीचे एक टोक ओढावे आणि दुसऱ्या टोकाची घंटा वाजावी, तशी वेदना मेंदूत पोचते. त्या काळाच्या मानाने ही कल्पना मोठी होती. वेदना म्हणजे दैवी शिक्षा नव्हे, ती शरीरातल्या यंत्रणेची क्रिया आहे, असे तिने सांगितले. ठेच लागणे, चटका बसणे यांसारख्या प्रसंगांना ती आजही बऱ्यापैकी लागू पडते.

पण दोरी आणि घंटा मानली की दोन निष्कर्ष आपोआप निघतात. पहिला, जितकी इजा तितकी वेदना. इजा दिसत नसेल तर वेदनाही नाही. दुसरा, दोरी कापली की घंटा थांबेल. दुसऱ्या निष्कर्षावर विश्वास ठेवून शल्यविशारदांनी कित्येक रुग्णांच्या चेता कापल्या. काहींना काही काळ आराम पडला, पण अनेकांची वेदना परत आली. अमेरिकन यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल यांना तर याहून चमत्कारिक गोष्ट दिसली होती. हात किंवा पाय कापून टाकलेल्या सैनिकांना तो नसलेला अवयव दुखत असे. १८७१ साली मिचेल यांनी त्याला ‘भुताचा अवयव’ अशा अर्थाचे नाव दिले. दोरीचे टोकच उरले नाही, तर घंटा कोण वाजवतो?

पहिल्या निष्कर्षाला धक्का बसला तो दुसऱ्या महायुद्धात. हेन्री बीचर हे अमेरिकन भूलतज्ज्ञ इटलीतल्या आघाडीवर काम करीत होते. गंभीर जखमी झालेल्या दोनशेहून अधिक सैनिकांना त्यांनी विचारले, ‘वेदनाशामक औषध हवे का?’ सुमारे तीन-चतुर्थांश सैनिकांनी नको म्हणून सांगितले. त्यांच्या चेता शाबूत होत्या. सुई टोचताना नीट टोचली नाही तर ते तक्रारही करीत. बीचर यांनी १९४६ साली ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांच्या मते जखमेचा अर्थ महत्त्वाचा होता. सैनिकाच्या दृष्टीने जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटका. शांततेच्या काळात तेवढीच जखम म्हणजे संकट. म्हणजे इजा आणि वेदना यांचे प्रमाण ठरलेले नसते.

याच सुमारास अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका लष्करी रुग्णालयात जॉन बोनिका नावाचा तरुण भूलतज्ज्ञ काम करीत होता. १९१७ साली इटलीतल्या एका लहानशा बेटावर जन्मलेला हा मुलगा कुटुंबाबरोबर अमेरिकेत आला. वैद्यकीय शिक्षणाचा खर्च त्याने व्यावसायिक कुस्त्या खेळून भागवला. जखमा भरून आल्या तरी वेदना न थांबलेले सैनिक त्याच्यासमोर होते आणि एकट्याच्या ज्ञानाने त्यांचे काही भले होत नव्हते. म्हणून त्याने अस्थितज्ज्ञ, चेतातज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ यांना एकत्र बसवून एकेका रुग्णाची चर्चा सुरू केली. १९५३ साली बोनिकांचा वेदनेच्या उपचारांवरील भलाथोरला ग्रंथ निघाला. पुढे वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी अनेक शाखांचे तज्ज्ञ एकत्र काम करतील असे वेदना-चिकित्सालय उभारले. १९७३ साली त्यांनी जगभरचे संशोधक एकत्र बोलावले आणि त्यातून वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना जन्माला आली.

बोनिकांबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. कुस्तीने त्यांचे खांदे आणि खुबे कायमचे दुखावले होते. अनेक शस्त्रक्रिया झाल्या, दुखणे गेले नाही. तरीही १९९४ साली निधन होईपर्यंत ते लिहीत, शिकवीत, देशोदेशी हिंडत राहिले. वेदनाशास्त्राची पायाभरणी करणारा हा माणूस स्वतः जुना रुग्ण होता.

सिद्धान्ताच्या बाजूने मोठी उडी पडली १९६५ साली. रोनाल्ड मेल्झॅक हे मानसशास्त्रज्ञ आणि पॅट्रिक वॉल हे चेताशास्त्रज्ञ यांनी ‘सायन्स’ या साप्ताहिकात एक लेख लिहिला. त्यांचे म्हणणे असे की मेरुरज्जूत जणू एक दार आहे. बारीक चेतातंतूंमधून येणारे इजेचे संदेश ते दार उघडू पाहतात. स्पर्श, दाब यांचे संदेश आणणारे जाड तंतू ते लोटू पाहतात. आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही ते उघडतात किंवा मिटतात. टेबलाचा कोपरा कोपराला लागला की आपण न शिकवता तिथे चोळतो, ते का, याचे उत्तर यात मिळाले. भीती, चिंता, लक्ष दुसरीकडे असणे यांचा वेदनेवर परिणाम का होतो, हेही समजू लागले. या लेखातल्या जोडण्यांचे काही तपशील पुढे चुकीचे ठरले. पण वेदनेचे संदेश वाटेतच कमीजास्त होतात, ही मुख्य कल्पना टिकली.

मग दुखणे वर्षानुवर्षे का राहते? १९८३ साली वॉल यांच्या लंडनमधील प्रयोगशाळेत क्लिफर्ड वुल्फ यांनी प्राण्यांवरील प्रयोगात दाखवले की इजेनंतर मेरुरज्जूतील चेतापेशीच अधिक संवेदनशील होतात. मग साध्या संदेशालाही त्या जोरात प्रतिसाद देतात. चोर येऊन गेल्यावर बसवलेला गजर मांजर गेले तरी वाजावा, तसे हे असते. गजर खरा, आवाज खरा, पण चोर नाही. ‘मेंदूत घडते’ याचा अर्थ ‘मनाचे खेळ’ असा नव्हे. चेतासंस्थेत झालेला हा बदल एक्स-रेत दिसत नाही, इतकेच.

उलट चित्रात दिसते ते सगळे दुखतेच असेही नाही. १९९४ साली अमेरिकेत पाठ न दुखणाऱ्या ९८ माणसांच्या कण्याच्या एमआरआय प्रतिमा तपासल्या गेल्या. त्यांपैकी ५२ टक्के लोकांच्या निदान एका चकतीला फुगवटा होता!

या ज्ञानाचा रोजच्या जगण्याशी संबंध आला तो विश्रांतीच्या प्रश्नावर. ‘दुखते तर झोपून राहा’ हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी १९४७ सालीच अंथरुणावर पडून राहण्याचे धोके सांगितले होते. पण पाठदुखीबाबत पुरावा यायला वेळ लागला. १९८६ साली २०३ रुग्णांच्या चाचणीत दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांच्या विश्रांतीइतकीच उपयोगी ठरली आणि कामाचे दिवसही कमी बुडाले. १९९५ साली हेलसिंकी येथील चाचणीत नुकतीच पाठदुखी सुरू झालेले जे लोक झेपेल तितके नेहमीचे व्यवहार करीत राहिले, ते सर्वांत लवकर सुधारले.

जुन्या दुखण्यासाठी बोनिकांच्याच विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी वेगळी पद्धत बसवली. दुखू लागले की थांबायचे, हा नेहमीचा शिरस्ता. मग विश्रांती म्हणजे दुखण्याचे बक्षीस ठरते आणि हळूहळू आयुष्य आक्रसते. याउलट बरे वाटले त्या दिवशी तुंबलेली सगळी कामे उरकायची आणि पुढचे चार दिवस झोपून काढायचे, हेही नेहमीचेच. फोर्डाइस म्हणाले, दुखण्याला विचारू नका, ठरलेल्या मापाला विचारा. समजा, तीन दिवसांत न थांबता १२, ८ आणि १० मिनिटे चालता आले. सरासरी १०. सुरुवात ८ मिनिटांनी करायची आणि दर दोन-तीन दिवसांनी एक मिनिट वाढवायचे. चांगल्या दिवशी जास्त चालायचे नाही, वाईट दिवशी शक्यतो कमी करायचे नाही.

कुटुंबाचा प्रवास याच हिशेबाने बसवता येतो. आठ तास एसटीत सलग बसण्याऐवजी वाटेत एक मुक्काम करावा, बस थांबेल तिथे दुखो न दुखो उतरून चार पावले टाकावीत, गडावर जायचे तर अर्ध्या वाटेवरच्या सपाटीपर्यंत जाऊन डबा उघडावा आणि बाकीच्यांना वर जाऊ द्यावे. हा रडीचा डाव नव्हे, हा शास्त्राने सुचवलेला बेत आहे. ज्यांच्यापाशी करण्यासारखे काही चांगले असते त्यांना त्रास कमी होतो, असे फोर्डाइस म्हणत. सहल हे दुखणे खोटे असल्याचे लक्षण नाही, ते बऱ्याचदा उपचाराचे एक अंग असते.

अर्थात हे सगळे डॉक्टरांकडून तपासून घेतल्यानंतरचे. ताप, वजन घटणे, पायातील शक्ती जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे अशी लक्षणे असतील तर विलंब करू नये. नुसत्या गोळ्यांवर भिस्त ठेवण्याचे परिणामही आपल्यासमोर आहेत. अमेरिकेत १९९६ नंतर अफूच्या जातीची वेदनाशामके जुन्या दुखण्यासाठी सढळ हाताने दिली गेली आणि व्यसनाने असंख्य माणसे दगावली. बोनिकांनी सांगितलेले सांघिक उपचार मात्र वेळखाऊ म्हणून मागे पडत गेले.

आता वर्गाकडे वळू. मेल्झॅक यांनी रुग्णांच्या तोंडचे वेदनेचे शब्द गोळा करून १९७५ साली ७८ शब्दांची, २० गटांची प्रश्नावली तयार केली. शब्दांवरून दुखण्याचा प्रकार ओळखायला मदत होते, असे त्यांना आढळले. मराठीत या शब्दांची काय कमी? कळ, चमक, सणक, ठणका, ठसठस, आग, चुरचुर, रग, उसण, मुंग्या. मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून असे शब्द जमवायला सांगावे आणि त्यांचे गट पाडायला लावावे : क्षणिक कोणते, सतत राहणारे कोणते, उष्णतेशी नाते सांगणारे कोणते. भाषा आणि जीवशास्त्र यांचा एक चांगला तास होईल, आणि आजीची ‘रग’ व ‘कळ’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत हे मुलांना कळेल.

१९७३ साली सुरू झालेल्या त्या संघटनेने १९७९ साली वेदनेची व्याख्या केली आणि २०२० साली ती सुधारली. सोबतच्या टिपांत म्हटले आहे की एखादी व्यक्ती दुखते असे सांगत असेल तर त्या सांगण्याचा आदर करावा, आणि शब्दांत सांगता आले नाही म्हणजे वेदना नाही असे समजू नये. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत जुन्या वेदनेला स्वतःचे स्थान मिळाले आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी किंवा वारंवार येणारी वेदना ती जुनी. तेव्हा प्रार्थनेला उभे राहताना भिंतीचा आधार घेणारा मुलगा मधल्या सुटीत खेळताना दिसला, किंवा कंबर धरून वर्गात येणाऱ्या बाई सहलीचे फोटो दाखवू लागल्या, तर ‘मग दुखते कुठे?’ असे न विचारता ‘काय काय पाहिलेत?’ असे विचारावे.