टेनिस न खेळणाऱ्यांचा टेनिस एल्बो

२००४ सालच्या ऑगस्टमध्ये सचिन तेंडुलकरचे डावे कोपर दुखू लागले आणि 'टेनिस एल्बो' हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचला. त्या दुखण्यापायी हॉलंडमधली स्पर्धा, पाठोपाठ चँपियन्स करंडक आणि ऑस्ट्रेलियाविरुद्धचे पहिले दोन कसोटी सामने त्याला सोडावे लागले. ऑक्टोबरमध्ये तो नागपूरच्या कसोटीत खेळला, पण दुखणे पुरते गेले नव्हते. शेवटी मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात, पुन्हा नागपूरलाच, श्रीलंकेविरुद्ध त्याने ९३ धावा काढल्या तेव्हा लोकांचा जीव भांड्यात पडला.

क्रिकेट खेळणाऱ्याला टेनिसचे दुखणे कसे झाले, असा प्रश्न वर्गातल्या एखाद्या चुणचुणीत मुलाने विचारला तर आपण काय सांगाल? प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर शोधताना वैद्यकाच्या इतिहासातले सव्वाशे-दीडशे वर्षांचे एक प्रकरण उलगडते. ते या लेखात पाहू.

हाच प्रश्न आपण क्रिकेटच्या मैदानावरून कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यात, वेदगंगेकाठच्या मुरगूडला नेऊ या. हा सगळा उसाचा मुलूख आहे. बिद्री आणि हमीदवाडा इथले साखर कारखाने याच तालुक्यात आहेत. इथे हंगामात कोयता चालतो, पहाटे-संध्याकाळी म्हशींच्या धारा निघतात, घरोघरी भाकरीचे पीठ मळले जाते, धुणे पिळले जाते. गवंडी थापी चालवतो, सुतार पटाशी धरतो आणि गुरुजी फळ्यावर लिहितात. रॅकेट कधी हातात न धरलेल्या या सगळ्यांना होऊ शकणाऱ्या एका दुखण्याचे नाव मात्र टेनिसवरून पडले आहे.

खेळाच्या आधीचे दुखणे

इटलीतील बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला इतर प्रश्न विचारताना 'तुझा धंदा कोणता?' हेही विचारावे, असा त्याचा आग्रह होता. दिवसभर बसून एकाच तऱ्हेने हात चालवणाऱ्या कारकुनांचे हात कसे दुखतात, हे त्याने नोंदवून ठेवले आहे.

पुढे १८७३ मध्ये जर्मन डॉक्टर रुंगे यांनी लिहिताना हाताला होणाऱ्या त्रासावर एक निबंध लिहिला. कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा जो उंचवटा असतो, त्यावर दाबले की दुखते, ही खूण त्यात आली. आज ज्याला आपण टेनिस एल्बो म्हणतो, त्याचे हे पहिले वैद्यकीय वर्णन मानले जाते. ते खेळाडूचे नव्हते. त्याचा संबंध लेखणीशी होता.

मजेची गोष्ट अशी की, त्या वेळी लॉन टेनिस हा खेळ आजच्या रूपात अजून बाजारात यायचा होता. वॉल्टर विंगफील्ड या इंग्रज मेजरने त्याचे पेटंट घेतले १८७४ मध्ये आणि विंबल्डनची पहिली स्पर्धा झाली १८७७ मध्ये. म्हणजे दुखण्याची नोंद आधी झाली आणि ज्यावरून त्याचे नाव पडले तो खेळ नंतर आला! १८८२ मध्ये हेन्री मॉरिस यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात 'लॉन टेनिस आर्म' असा उल्लेख केला आणि पुढच्याच वर्षी मेजर नावाच्या डॉक्टरांच्या लेखात 'लॉन टेनिस एल्बो' हा शब्द आला. तो कायमचा चिकटला.

असे का झाले असावे? आम्हाला वाटते, टेनिस हा तेव्हा सुखवस्तू लोकांचा नवा छंद होता. हात दुखला की त्यांना डॉक्टर गाठता येत होता आणि डॉक्टरही त्याच मंडळींत ऊठबस करणारे होते. धोबिणीचा किंवा सुताराचा हात त्याआधीही दुखतच असणार, पण त्याची बातमी नियतकालिकापर्यंत पोचणे अवघड होते.

दुखते नेमके कुठे?

कोपर हा शब्द संस्कृत 'कूर्पर' यावरून आला. सुश्रुताने कूर्पराची गणना मर्मांमध्ये केली आहे. तिथे इजा झाली तर हात लुळा पडतो, असे तो सांगतो. आपले दुखणे मात्र सांध्याच्या आतले नाही. ते सांध्याच्या शेजारी, स्नायू हाडाला जिथे बांधलेला असतो त्या जागी आहे. स्नायूच्या टोकाला पांढरी, चिवट दोरी असते. तिला कंडरा म्हणतात (काही पुस्तकांत स्नायुरज्जू). मनगट मागे उचलणाऱ्या स्नायूंच्या कंडरा एकत्र येऊन कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर चिकटतात. त्यांतल्या एका आखूड स्नायूची कंडरा बहुधा बिघडते.

पण मग कोयता आवळून धरताना तिथे का दुखावे? मूठ तर तळहाताकडचे स्नायू वळतात. याचे उत्तर वर्गातच मिळते.

करून पाहा : उजवे मनगट तळहाताच्या बाजूला पूर्ण वाकवा आणि तसेच ठेवून डाव्या हाताची दोन बोटे घट्ट आवळा. पकड लुळी पडते. आता मनगट किंचित मागे उचलून पुन्हा आवळा. पकड एकदम पक्की होते. आता डाव्या हाताची बोटे उजव्या कोपराच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूला ठेवा आणि उजवी मूठ आवळा. प्रत्येक वेळी तिथला स्नायू टणक झालेला कळेल.

म्हणजे मूठ वळणारे स्नायू मनगटालाही वाकवू पाहतात आणि मागचे स्नायू त्याला धरून ठेवतात. म्हणून कोणतीही वस्तू घट्ट धरली की त्या बाहेरच्या उंचवट्यावर ओढ बसते. मग ती बॅट असो, कोयता असो, नाही तर पिळायचे धुणे. ओढ बसते हे काही वाईट नाही, कंडरा त्यासाठीच असते. पण तिला रक्तपुरवठा बेताचा असतो, त्यामुळे तिची डागडुजी सावकाश होते. झीज रोजची आणि दुरुस्ती अपुरी, असे चालले की दुखणे सुरू होते. पस्तिशी-चाळिशीनंतर ते अधिक आढळते. पाण्याने भरलेला तांब्या उचलतानाही कळ येते.

'दाह' नावाचा चकवा

नावाची एक चूक झाली, तशी कारणाचीही झाली. दुखते म्हणजे तिथे दाह असणार, असे बहुतेकांनी धरून चालले. वैद्यकीय नावही तसेच पडले : 'एपिकाँडिलायटिस'. रोगाच्या नावाच्या शेवटी 'आयटिस' आला की दाह समजावा, असा संकेत आहे. वेगळे सांगणारेही होते. लंडनच्या सिरिअक्स यांनी १९३६ मध्ये, कंडरा हाडाला चिकटते तिथे ती फाटत असावी, असे मांडले.

याच सुमारास एक मोठा शोध लागला. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी सांधेवाताच्या रोग्याला कॉर्टिझोन दिले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली. या कामाला १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. दाह शमवणारे इतके जबर औषध हाती आल्यावर ते कोपरात टोचले जाणे ओघानेच आले. इंजेक्शन दिले की रोगी चार दिवसांत हसत परत येई. औषध लागू पडते, याला आणखी पुरावा कशाला हवा?

पण पुरावा हवा होता, आणि तो दोन टप्प्यांत आला. १९७९ मध्ये अमेरिकेतील निर्शल आणि पेट्रोन यांनी आपल्या शस्त्रक्रियांचा अहवाल दिला. त्यांच्याकडच्या १,२१३ रोग्यांपैकी शस्त्रक्रिया करावी लागली ती ८८ कोपरांवर. बाकी बहुतेकांचे तिच्याशिवाय भागले. कापून काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर दाहात गोळा होणाऱ्या पेशी तिथे जवळपास नव्हत्या. त्याऐवजी विस्कटलेले तंतू आणि अर्धवट राहिलेली दुरुस्ती दिसली, जशी उसवून कशीबशी टाचलेली शिवण.

दुसरा टप्पा २००२ चा. नेदरलंड्समध्ये १८५ रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एकाला इंजेक्शन, दुसऱ्याला व्यायाम-मालिश वगैरे उपचार आणि तिसऱ्याला फक्त सल्ला देऊन वाट पाहणे. सहा आठवड्यांनी बरे वाटणारे अनुक्रमे ९२, ४७ आणि ३२ टक्के होते. इथेच थांबले असते तर इंजेक्शनचा विजय पक्का होता. पण संशोधक वर्षभर थांबले. ५२ आठवड्यांनी आकडे होते ६९, ९१ आणि ८३ टक्के. क्रम उलटला होता! ज्यांनी काहीच टोचून घेतले नव्हते, ते इंजेक्शनवाल्यांच्या पुढे गेले होते. २००६ आणि २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या चाचण्यांचाही रोख हाच निघाला.

गुळाच्या या मुलखात 'कोपराला गूळ लावणे' हा वाक्प्रचार समजावून सांगावा लागत नाही. तिथवर जीभ पोचत नाही, आशा मात्र लागून राहते. इंजेक्शनची गत अगदीच तशी नाही, कारण पहिले काही आठवडे गोडी खरोखर लागते. पण तेवढ्या आरामावर माणूस पुन्हा जोराने कामाला लागतो आणि मूळ बिघाड तसाच राहतो.

मग करायचे काय?

कळ आणणारे काम काही आठवडे कमी करावे, पण हात गळ्यात बांधून ठेवू नये. कंडरेला बळ मोजक्या ओढीनेच येते. त्यासाठी हाताचा पुढचा भाग टेबलावर ठेवून पंजा कडेबाहेर, पालथा सोडावा. हातात पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली धरावी. दुसऱ्या हाताने पंजा वर उचलून द्यावा आणि मग तो सावकाश खाली येऊ द्यावा. दहा-पंधरा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. थोडे दुखले तरी चालेल, दुखणे रात्रभर रेंगाळले तर वजन कमी करावे. दोन-तीन महिने धीर धरावा लागतो.

होऊ नये म्हणूनही काही करता येते. ओझे उचलताना तळहात वर आणि कोपर अंगाजवळ असावे. कोयत्याची मूठ बारीक असेल तर तिच्यावर कापड गुंडाळून जाड करावी आणि धार बोथट होऊ देऊ नये, कारण बोथट पात्याला जोर जास्त लागतो. फळ्यावर फार उंच लिहू नये, मधून मधून खडू खाली ठेवावा.

मात्र करंगळीला मुंग्या येणे, सांधा सुजून लाल होणे, ताप येणे किंवा कोपर अडकणे, ही या दुखण्याची लक्षणे नव्हेत. त्यासाठी डॉक्टरच गाठावा. पडलेल्या मुलाचे कोपर सुजले तर ते कोणालाही चोळू देऊ नये. आधी एक्स-रे काढावा.

विश्रांती कोणाला परवडते?

तेंडुलकरला सामने सोडता आले, आणि ते योग्यच झाले. ऊसतोडणीच्या हिशेबात मात्र 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून घेतलेली उचल त्यांना तोडीव टनांतून फेडायची असते. एक दिवस काम बुडाले की 'खाडा' लागतो, म्हणजे पैसे कापले जातात. या दुखण्यावर जे औषध सर्वांत स्वस्त, ती विश्रांती, तेच त्यांना सर्वांत महाग पडते. साहजिकच दुखऱ्या हाताला झटपट आराम देणारी सुई त्यांना जवळची वाटते. वर्षाच्या अखेरचे आकडे त्यांना कोण सांगणार?

शिक्षकांना यात एक उपक्रम सापडेल. आठवी-नववीच्या मुलांनी आपल्या गल्लीतल्या मोठ्या माणसांना तीनच प्रश्न विचारावेत : तुम्ही हाताने कोणते काम करता? तांब्या उचलताना किंवा धुणे पिळताना कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखते का? दुखल्यावर काय केले? उत्तरांचा तक्ता धंद्यांप्रमाणे मांडावा. पहिला प्रश्न रामाझिनीचाच आहे, हे मुलांना जरूर सांगावे. तक्ता भरला की त्यात किती रॅकेट आणि किती कोयते आहेत, ते मुलांनीच मोजावे आणि या दुखण्याला आपल्या गावात कोणते नाव शोभेल, तेही त्यांनीच ठरवावे.