स्नायुबल, जनुकीय धोका आणि वार्धक्यातील स्मृतिभ्रंश

उतारवयात ज्यांची ताकद कमी भरते, त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंश म्हणजे डिमेन्शिया होण्याचे प्रमाण जास्त आढळते. ताकद मोजायची सोपी रीत म्हणजे हाताची पकड. डायनामोमीटर मुठीत जोराने दाबायचा आणि किलोग्रॅमचा आकडा वाचायचा. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार पुरुषांत २८ आणि स्त्रियांत १८ किलोग्रॅमपेक्षा कमी पकड म्हणजे अशक्तपणा. यंत्र नसेल तर हातांची घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा उठबस करायला लावतात. १२ सेकंद किंवा अधिक लागले तर पायांतले बळ उणे समजतात.

ब्रिटनच्या यूके बायोबँक प्रकल्पातील सुमारे १ लाख ९० हजार जणांच्या नोंदी २०२२ मध्ये अभ्यासल्या गेल्या. पकड ५ किलोग्रॅमने कमी असेल तर स्मृतिभ्रंशाचा धोका पुरुषांत सुमारे १६ आणि स्त्रियांत १४ टक्क्यांनी अधिक दिसला. यावरून अशक्तपणामुळेच मेंदू खचतो असे म्हणण्याची घाई मात्र करू नये. मेंदूतील बिघाड विसराळूपणा दिसण्याच्या कितीतरी वर्षे आधी सुरू होतो आणि तोच पकड ढिली करत असेल. मधुमेह, उच्च रक्तदाब, बैठे जिणे यांनी स्नायू आणि मेंदू दोन्ही एकाच वेळी पोखरले जात असण्याचीही शक्यता आहे.

जनुकीय धोक्यात मुख्य नाव एपीओई जनुकाच्या ई-४ या रूपाचे. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या मुख्य प्रकाराशी त्याचे नाते १९९३ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले. युरोपीय वंशाच्या लोकांत आई-वडिलांपैकी एकाकडून ते आले तर धोका साधारण तिप्पट होतो. दोघांकडून आले तर त्याहून कितीतरी अधिक. हरियाणातील बल्लभगड आणि अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया यांच्या तुलनेत बल्लभगडला ई-४ चे प्रमाण कमी निघाले, पण ज्यांच्यात ते होते त्यांना धोका सारखाच. तरीही ई-४ असलेल्या सर्वांनाच हा आजार होतो असे नाही. लक्षणे नसताना या जनुकाची सरसकट तपासणी तज्ज्ञ सुचवत नाहीत, आणि ते योग्यच आहे : जनुक बदलता येत नाही, ताकद वाढवता येते.

भारतातील माहितीचा मोठा आधार म्हणजे मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने चालवलेले ‘लासी’ सर्वेक्षण. त्यात ४५ वर्षांवरील सुमारे ७२ हजार जणांची पाहणी झाली आणि पकडही मोजली गेली. त्याच्याच एका उपअभ्यासाने साठीपुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंश ७.४ टक्के असल्याचा अंदाज दिला. हे प्रमाण शहरात ५.३ तर खेड्यात ८.४ टक्के, पुरुषांत ५.८ तर स्त्रियांत ९ टक्के. शाळेचे तोंड न पाहिलेल्या पिढीचा यात मोठा वाटा आहे.

जळगाव जिल्ह्यातील एरंडोलसारख्या तालुक्यासाठी यातला खेड्याचा आकडा महत्त्वाचा. एरंडोलला लोक महाभारतातील एकचक्रानगरी मानतात आणि भीमाने बकासुराला येथेच मारले असे सांगतात. अशा मुलखात, आयुष्यभर कापूस वेचला, ओझी वाहिली, त्याला निराळा व्यायाम कशाला, असा प्रश्न सहज येतो. पण कोपनहेगनमधील पुरुषांच्या दीर्घ अभ्यासात अंगमेहनतीचे काम करणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी नव्हे, जास्तच आढळला. मजुरीत वेग आणि विश्रांती आपल्या हाती नसतात. कमरेत वाकून दिवसभर वेचणी केल्याने मांड्यांना बळ येतेच असे नाही. जागतिक आरोग्य संघटना वयस्कांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा समावेश असलेल्या हालचाली सुचवते. खाटेवरून हात न टेकता उठणे, भिंतीला रेटून जोर काढणे एवढ्यानेही सुरुवात होते. जोडीला प्रथिने हवीत. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी या बाबतीत नुसत्या ज्वारीच्या भाकरीपेक्षा उजवी.

पायांतली शक्ती गेली आणि विसरायलाही होऊ लागले तर घरचे त्याला म्हातारचळ म्हणून सोडून देतात. पण ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेत ही दोन्ही लक्षणे दिसू शकतात. रक्ततपासणीत ती कमतरता सापडते आणि वेळीच इंजेक्शने सुरू केली तर बरीच सुधारणा होऊ शकते. थायरॉइडची तपासणीही त्याच वेळी करून घेतात.