बदलानंतरची फेरपरीक्षा : आज्ञावलींच्या स्वयंचलित चाचणीचा इतिहास

प्रस्तावना

पिंपरी-चिंचवड परिसरातील ताथवडे हे गाव आज अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी ओळखले जाते. जवळच हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान आहे, तर पलीकडे पिंपरीपासून चाकणपर्यंत वाहन उद्योग पसरला आहे. दोन्ही क्षेत्रांपुढे एक समान प्रश्न उभा असतो : तयार वस्तूत बदल केल्यावर कोणत्या चाचण्या पुन्हा घ्यायच्या व ते कोणी ठरवायचे? प्रस्तुत लेखात आज्ञावलींच्या संदर्भात या प्रश्नाचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

वाहन उद्योगातील परंपरा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार वाहनाच्या नमुन्याची चाचणी अधिकृत संस्थेकडून करून घ्यावी लागते. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशीच एक संस्था होय. मान्यताप्राप्त वाहनात फेरबदल केल्यास उत्पादकाने तो कळवायचा असतो. त्याचा परिणाम कशावर होतो हे पाहून फेरचाचण्या ठरतात. येथे निर्णय तज्ज्ञाचा असतो.

आज्ञावलींमधील वाटचाल

फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली असे नमूद केले की, एक दोष दुरुस्त करताना दुसरा निर्माण होण्याची शक्यता २० ते ५० टक्के असते. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर जुन्या सर्व चाचण्या पुन्हा घेणे इष्ट. परंतु ते खर्चिक होते. १९७६ साली बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हे साधन तयार केले. फाइल केव्हा बदलली हे पाहून ते आवश्यक तेवढाच भाग पुन्हा बांधत असे. बदल ओळखण्याचे काम अशा रीतीने यंत्राकडे आले. १९९७ मध्ये केंट बेक व एरिक गामा यांच्या ‘जेयुनिट’मुळे जावा भाषेतील चाचण्या आज्ञावलीच्याच रूपात लिहिणे सुलभ झाले. २००१ साली थॉटवर्क्स कंपनीचे ‘क्रूझकंट्रोल’ आले. सामायिक साठ्यात बदल जमा होताच ते बांधणी व चाचण्या सुरू करी. २००३ साली एमआयटीतील डेव्हिड सॅफ व मायकेल अर्न्स्ट यांनी, संहिता लिहिली जात असतानाच पार्श्वभूमीवर चाचण्या चालू ठेवण्याची पद्धती मांडली.

निष्कर्ष

या वाटचालीत चाचणी ‘केव्हा’ घ्यायची हा निर्णय यंत्राकडे गेला. ‘कशाची’ घ्यायची हा मात्र माणसाकडेच राहिला. १९९६ मधील एरियन-५ अग्निबाणाचा अपघात याची साक्ष देतो. एरियन-४ साठी लिहिलेला आज्ञावलीचा भाग त्यात वापरला होता. नव्या उड्डाणमार्गाच्या मूल्यांनिशी तो तपासलाच गेला नव्हता. जुन्या चाचण्या कितीही वेळा पुन्हा घेतल्या असत्या, तरी हा दोष सापडला नसता.

अध्यापकांच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत आज्ञावली बहिःस्थ परीक्षकांसमोर एकदा चालली की काम संपले, असे विद्यार्थी मानतो. त्याऐवजी चालत्या आज्ञावलीत एक बदल सुचवून, ‘आता कोणती नवी चाचणी लिहाल?’ असे विचारावे. साधने बदलत राहतील. हा प्रश्न टिकून राहील.