झाडीपट्टीत गढीभोवती शहर का वसले नाही

जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांतले 11 महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. या यादीत विदर्भाचा एकही किल्ला नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी केली नव्हती. किल्ला म्हटले की सह्याद्रीचा कडा, त्यावरचा बालेकिल्ला, चोरवाट आणि एखादी लढाई एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या झाडीपट्टीत, धानाच्या बांध्या आणि तलावांच्या सपाट मुलखात, हे चित्र कुठेच बसत नाही. म्हणून गोंदिया जिल्ह्याला किल्ल्यांचा इतिहास नाही असे बिनदिक्कत म्हटले जाते. गोंदियाहून बालाघाटच्या दिशेने चार-पाच किलोमीटरवर नागरा आहे. तिथे हेमाडपंती म्हणून ओळखले जाणारे जुने शिवमंदिर आहे आणि महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. त्याच टापूत कामठा आहे. एके काळी मोठी जमीनदारी असलेल्या या गावात कोट-खंदकाची गढी होती. आणि गोंदिया हे जिल्ह्याचे शहर, जिथे ना जुने देऊळ ना गढी, फक्त रेल्वेचे जंक्शन. देऊळ एका गावात, गढी दुसऱ्या गावात आणि शहर तिसरीकडे, अशी ही विभागणी का झाली? माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर तटाबुरुजांत सापडत नाही. धान कुठे गोळा होत होते आणि शिपाई कुठे राहत होते, यात ते सापडते.

हे नीट कळण्यासाठी जपानकडे पाहावे लागते, कारण तोही भाताचाच देश आणि तिथे किल्ल्याभोवती शहर वसण्याची रीत सर्वांत स्पष्ट दिसते. अशा शहराला तिथे जोकामाची म्हणतात. मध्ये किल्ला आणि त्याभोवती एकाआड एक खंदक. आतल्या खंदकाजवळ वरच्या दर्जाच्या सामुराईंचे वाडे, त्यापलीकडे कमी दर्जाचे शिपाई, मग व्यापारी आणि कारागीर, आणि शहराच्या कडेला रांगेने मंदिरे. रंगाऱ्यांची आळी, लोहारांची आळी, सुतारांची आळी अशी मोहल्ल्यांची नावे आजही कित्येक जपानी शहरांत टिकून आहेत. रस्ते मुद्दाम काटकोनात मोडलेले किंवा पुढे बंद होणारे, म्हणजे शत्रूला किल्ल्यापर्यंत सरळ धाव घेता येऊ नये. हिमेजीचा 1609 मध्ये पुरा झालेला पांढरा किल्ला पाहून प्रवासी थक्क होतात, ते योग्यच आहे. पण तिथला खरा पराक्रम शहराच्या आखणीत आहे असे मला वाटते. कानाझावाच्या किल्ल्याचा मुख्य मनोरा 1602 मध्ये वीज पडून जळाला आणि पुन्हा कधी बांधला गेला नाही, तरी ते शहर पुढच्या शंभर वर्षांत लाखाच्या घरात गेले. एदोचा, म्हणजे आजच्या तोक्योचा, मनोरा 1657 च्या आगीत गेला. तोही पुन्हा उभा राहिला नाही, आणि एदो मात्र जगातल्या सर्वांत मोठ्या शहरांत गणले जाऊ लागले. मनोरा नसताना शहर वाढते याचा अर्थ शहर वाढवणारी गोष्ट मनोरा नव्हती.

मग कोणती होती? तोयोतोमी हिदेयोशीने 1588 मध्ये शेतकऱ्यांची हत्यारे जप्त केली आणि पुढच्या काही वर्षांत शेतकरी आणि लढवय्या यांच्यात कायद्याने भिंत घातली. ज्याने तलवार ठेवली त्याने गाव सोडून धन्याच्या किल्ल्याखाली राहायचे. ज्याने नांगर ठेवला त्याने शहरात जायचे नाही. सामुराईचा पगार तांदळात ठरे. कोकू हे त्याचे माप, म्हणजे ढोबळमानाने एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ. सरदाराची प्रतिष्ठासुद्धा त्याचा मुलूख किती कोकूंचा यावर मोजली जाई. कानाझावाच्या माएदा घराण्याचा मुलूख दहा लाख कोकूंच्या वर होता. 1615 मध्ये तोकुगावा शोगुनांनी प्रत्येक सरदाराला एकच किल्ला ठेवण्याचा हुकूम केला, आणि आडवाटेच्या लहान किल्ल्यांचे शिपाईही त्या एका शहरात आले. एका मुलखाचा सारा तांदूळ आणि सारे शिपाई एकाच ठिकाणी आले की त्या तांदळाचे कापडात, भांड्यात, मीठ-मसाल्यात रूपांतर करणारे लोक मागोमाग येणारच. कित्येक जोकामाचींत निम्म्याच्या आसपास वस्ती सामुराई कुटुंबांची होती. ही कुटुंबे पिकवत काहीच नव्हती, सारे विकत घेत होती. शहर वसवले ते या खरेदीने.

आता झाडीपट्टी पाहू. इथेही धान मुबलक होते. ते पिकवण्यामागची कारागिरी जपानइतकीच अस्सल आहे. कोहळी समाजाने बांधलेले तलाव, त्यांतला नवेगावबांधचा सर्वांत नावाजलेला, पाटाने पाणी उतरवण्याची व्यवस्था, खालच्या बांध्यांची रचना, या सगळ्यांतून दुष्काळातही पीक हाताला लागे. पण या व्यवस्थेचा स्वभावच विखुरलेला होता. तलाव गावाचा, त्याची राखण गावाची, आणि ज्याने तो बांधला त्याचा मान गावातच. रान तोडून जमीन लागवडीखाली आणणाऱ्याला ती जमीन देण्याची रीत गोंड राजांपासून नागपूरकर भोसल्यांपर्यंत चालत आली. कामठ्याची जमीनदारी अशीच, अठराव्या शतकात भोसल्यांनी एका कुणबी घराण्याला दिलेली. पोवार समाजाने भोसल्यांना कटकच्या स्वारीत साथ दिली आणि त्यांना वैनगंगेच्या खोऱ्यात जमिनी मिळाल्या. हे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. हिदेयोशीने लढवय्याला गावातून उचलून शहरात आणले. इथे लढून आलेल्याला बक्षीस म्हणून गाव मिळाले. तो तलावाच्या पाळीजवळ घर बांधून राहिला, धान पिकवू लागला, आणि धानाच्या खंड्या त्याच्याच कोठ्यांत राहिल्या. गढी उभी राहिली, पण गढीखाली खरेदी करणारी वस्ती गोळा झाली नाही.

सह्याद्रीतही याचीच एक वेगळी तऱ्हा दिसते. शिवकाळातला मावळा पावसाळ्यात शेतावर असे आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करी. गडाच्या राखणीला असलेल्या लोकांना घेऱ्यातल्या गावांत जमिनी दिलेल्या असत. म्हणून रायगडावर बाजारपेठ होती, राजधानी होती, तरी राजधानी हलल्यावर तिथे शहर उरले नाही. पुणे वाढले ते किल्ल्यामुळे नव्हे. पेशव्यांनी 1732 नंतर शनिवारवाड्यात बस्तान बसवले, सरदार, कारकून आणि शिलेदार तिथे राहू लागले आणि सावकार-कारागिरांसाठी एकामागून एक पेठा वसत गेल्या.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की झाडीचा मुलूखच रानाचा आणि गरीब, तिथे शहराची अपेक्षा कशाला? पुरावा नेमका उलट सांगतो. भंडारा जिल्ह्यातली पवनी पाहा. एका बाजूला वैनगंगा, उरलेल्या तीन बाजूंना मातीचा प्रचंड तट आणि बाहेर खंदक. 1969-70 मध्ये शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन झाले आणि दोन हजार वर्षांहून जुने बौद्ध स्तूप उजेडात आले. एवढा तट किरकोळ खेड्याभोवती कोणी घालत नाही. नागऱ्याचे मंदिरही तेच सांगते. घडीव दगडाचे देऊळ उभे करायचे तर पाथरवट, मूर्तिकार आणि त्यांना वर्षानुवर्षे पोसणारे धान लागते. म्हणजे मध्ययुगात या टापूत कोणीतरी वरकड धान एका जागी आणू शकत होते. पुढे ते येईनासे झाले. गरिबी हे कारण धरले तर आधीची समृद्धी समजावून सांगता येत नाही.

आणि याच गोंड-भोसले काळात जिथे राजाने माणसे खरोखर गोळा केली तिथे विदर्भातही शहर झाले. चंद्रपूर हे त्याचे अस्सल उदाहरण. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे, मध्ये मध्ये खिडक्या, आत राजाचा वाडा, कारागीर, बाजार, आणि जवळच अंचलेश्वर-महाकालीची देवळे. तट आजही शहराच्या अंगावर आहे आणि दरवाज्यांतून आजही रहदारी चालते. नागपूरची गोष्ट तर आणखी बोलकी. देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मैदानातल्या लहान गावांची जुळणी करून नागपूर वसवले आणि बाहेरून शेतकरी, कारागीर, व्यापारी आणले. त्याचा मुलगा चांद सुलतान राजधानीच तिथे घेऊन आला, त्याने तट घातला, तलाव बांधला. देवगडचा डोंगरी किल्ला मागे पडला. नंतर भोसल्यांच्या महालाभोवती सरदारांचे वाडे आले, आणि इतवारी, बुधवारी, शुक्रवारी असे बाजार. किल्ला देवगडला होता आणि शहर नागपूरला झाले, हे माझ्या म्हणण्याला मिळणारे सर्वांत मोठे बळ आहे. याच बख्तबुलंदाच्या काळात तुमसरजवळ अंबागड किल्ला बांधला गेला. तो उत्तम डोंगरी किल्ला आहे, तट-बुरूज अजून उभे आहेत. पुढे त्याचा उपयोग कैदखाना म्हणून झाला. कैदखान्याभोवती बाजार भरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जपानला अडीचशे वर्षे शांतता मिळाली, इथे मात्र स्वाऱ्या, पेंढारी आणि शेवटी इंग्रज. मग तुलना न्याय्य कशी? यात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. नोव्हेंबर 1817 मध्ये भोसले आणि इंग्रज यांच्यात सीताबर्डीची लढाई झाली, पुढच्या वर्षी अप्पासाहेब भोसल्यांना पदच्युत केले गेले, आणि त्यांच्या बाजूने उठलेल्या कामठ्याच्या चिमणा पाटलाचा पाडाव इंग्रजी फौजेने 1818 मध्येच केला. जमीनदारी त्या घराण्याकडून काढून एका लोधी घराण्याला दिली गेली. गढीला वाढायला आणखी शंभर वर्षे मिळाली असती तर काय झाले असते, हे विचारण्याजोगे आहे. पण शांतता हेच कारण मानले तर काळाचा मेळ बसत नाही. कानाझावाची उभारणी 1583 पासूनची, एदोची 1590 पासूनची, हिमेजीची 1601 ते 1609 ची. या साऱ्या आखण्या युद्धाच्या धामधुमीत, शांततेच्या आधी झाल्या. शांततेने ती शहरे टिकवली, जन्म दिला नाही. कामठ्याला 1818 पूर्वी दोन पिढ्या तरी मिळाल्या होत्या. त्या काळात तिथे उभी राहिली ती जमीनदाराची गढी आणि शेतकऱ्यांचे गाव, कारण शिपाईगिरी करणारा माणूस आपापल्या गावात, आपापल्या बांधीवर होता.

शेवटी धान गोळा करणारा आला, पण तो राजा नव्हता. 1880 च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे रेल्वे गेली. पुढे ती बंगाल नागपूर रेल्वेत आली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून जबलपूरकडे छोटी लाईन निघाली. धान, तेंदूपत्ता, लाकूड गोंदियाच्या स्टेशनावर येऊ लागले. भाताच्या गिरण्या, बिडीचे कारखाने, गुजराती-मारवाडी पेढ्या त्यामागे आल्या. जे काम कामठ्याच्या गढीने कधी केले नाही ते रेल्वेने वीस-पंचवीस वर्षांत केले. हिमेजीत 1888 साली स्टेशन आले ते जुन्या शहराच्या दक्षिण कडेला, किल्ल्यापासून साधारण एक किलोमीटरवर. म्हणून आज स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच सरळ रस्त्याच्या टोकाला किल्ला दिसतो, आणि जुने व नवे शहर एकच राहिले. इथे रुळांनी नागरा आणि कामठा दोन्ही बाजूला ठेवले. किल्ल्याचा इतिहास नाही असे गोंदियाला वाटते त्याचे हे एक मोठे कारण आहे. इतिहास होता तो शहराच्या हद्दीबाहेर पडला. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाला तेव्हा नावही स्टेशनाच्या गावाचेच लागले.

म्हणून झाडीपट्टीतली गढी पाहायला जाताना बुरुजाची उंची मोजून परतणे म्हणजे निम्मेच पाहणे. गढी, तिच्या पायथ्याचा खंदक, गावाचा तलाव, पाटाखालच्या बांध्या, जवळचे देऊळ आणि पलीकडचे स्टेशन हे सारे एका नकाशावर मांडले तरच इथला इतिहास दिसतो. मामा तलाव म्हणून ओळखले जाणारे माजी मालगुजारी तलाव आज गाळाने भरत आहेत. ते केवळ सिंचनाचा प्रश्न म्हणून पाहिले जातात. माझ्या दृष्टीने तेच इथले खरे दुर्गबांधणीचे अवशेष आहेत, कारण या मुलखातली सत्ता त्यांच्या पाळीवर उभी होती.

जपाननेही आपले किल्ले एकदा मोडीत काढले होते. 1873 च्या सरकारी हुकुमाने शेकडो किल्ल्यांचे भवितव्य संपले, लाकूड विकले गेले, खंदक बुजवले गेले. मात्सुमोतोचा काळा किल्ला लिलावात निघाला होता. तो वाचला, कारण इचिकावा र्‍योझो या तिथल्याच नागरिकाने किल्ल्यात प्रदर्शने भरवून पैसा उभा केला आणि तो सोडवला. सरकारने जपण्याच्या आधी गावाने जपले. मूळ लाकडी मनोरे आज जपानमध्ये फक्त 12 उरले आहेत आणि मात्सुमोतो त्यांपैकी एक आहे. नागऱ्याच्या देवळाला भाविकांचा आधार आहे. कामठ्याच्या गढीला आणि आसपासच्या तलावांना तसा कोणी नाही. गोंदियातल्या महाविद्यालयांनी, ग्रामपंचायतींनी आणि तलावांवर काम करणाऱ्या संस्थांनी या टापूतल्या गढ्या, खंदक आणि मामा तलावांची एकत्र नोंद करावी, जुन्या जमाबंदीच्या कागदांशी ती ताडून पाहावी आणि ती नोंद गावांच्या हाती द्यावी. हे काम सरकारी यादीची वाट न पाहता यंदाच्या उन्हाळ्यात, तलावांचे पाणी उतरलेले असताना, सुरू करता येईल.